शून्याच्या रेषेवरचे ठिपके

त्या दिवशी माझ्या पडद्यावर दोनशे अठ्ठ्याऐंशी ठिपके होते. त्यांपैकी एकशे पासष्ट अगदी तळाशी, शून्याच्या रेषेवर एकमेकांना चिकटून बसले होते. उरलेले एकशे तेवीस वरच्या मोकळ्या जागेत विखुरलेले होते. पडद्यावर चौकटी चार होत्या. पडद्यासमोर माणसं दोन, आणि त्या दोघांच्या मधे बशीत अर्धा बाबाकाऊ, म्हणजे तेलात तळलेला पिठाचा फुगलेला गोळा. तो कुणी खात नव्हतं.

मित्रांनो, मी एक जुना आलेख काढणारा प्रोग्रॅम आहे. मला कागद लागत नाही, शाई लागत नाही. मी समुद्रातल्या बेटांच्या एका देशात, सुवा शहरातल्या एका संशोधन संस्थेत, एक बिजागरी तुटलेल्या लॅपटॉपमध्ये राहतो. संशोधक बाहेर जाऊन काहीतरी मोजतात आणि ते आकडे मला देतात. मी प्रत्येक मोजणीचा एक ठिपका करतो आणि तो त्याच्या जागी ठेवतो. एवढंच माझं काम. पण माझ्यात एक गंमत आहे, ती आधी सांगतो, कारण पुढची सगळी हकिकत तिच्यावर उभी आहे.

समजा, तुमच्या वर्गात चाळीस मुलं आहेत. एका चौकटीत मी त्यांची उंची मांडली. दुसऱ्या चौकटीत ती शाळेत कशी येतात ते मांडलं: पायी, सायकलने, बसने. आता तुम्ही माझा चौकोनी कुंचला घेऊन पहिल्या चौकटीतल्या उंच मुलांवरून फिरवलात, तर ते ठिपके केशरी होतात. आणि त्याच क्षणी दुसऱ्या चौकटीतही तीच मुलं केशरी होतात. उंच मुलं बहुतेक सायकलने येतात की नाही, हे तुम्हाला डोळ्यांनी दिसतं. एकच ठिपका सगळ्या चौकटींत राहतो आणि एकीकडे रंगवला की सगळीकडे रंगतो. कागदावरच्या आलेखाला हे जमत नाही.

माझा जन्म ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलचा. ब्रोनविन नावाच्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापक बाईंनी मला दोन हिवाळे खपून लिहिलं. त्यांच्या खोलीबाहेरच्या गवतात कर्ल्यू पक्षी दिवसभर पुतळ्यासारखे उभे असायचे आणि अंधार पडला की रडल्यासारखे ओरडायचे. त्यांचंच नाव त्यांनी मला दिलं, कर्ल्यू. लोक त्यांच्याकडे आकडे घेऊन यायचे आणि दारातूनच म्हणायचे, "बाई, सरासरी सांगा." बाई चिडायच्या. "सरासरी नंतर. आधी मला माणसं दाखवा," असं म्हणायच्या. ठिपक्यांना त्या माणसं म्हणत. मोजलं काय, हे विचारून झालं की त्या आणखी एक प्रश्न विचारत: लिहून कुणी घेतलं? म्हणून माझ्यात लिहिणाऱ्यासाठी एक वेगळी चौकट कायमची आहे. पुष्कळांना ती निरुपयोगी वाटे. "हिला काढता येत नाही का?" असं ते विचारत. बाई म्हणत, "नाही."

माझे चांगले दिवस होते. गुरांची वजनं, वादळांचे मार्ग, शाळकरी मुलांचे किडलेले दात, समुद्रगाईंच्या फेऱ्या, सगळं माझ्या चौकटींतून गेलं. परिषदांमध्ये माझं कौतुक झालं. मग नवे प्रोग्रॅम आले. ते दिसायला देखणे होते आणि घाईत असलेल्या माणसांना आवडतील असे होते. त्यांना आकडे द्या, एक कळ दाबा, उत्तर तयार. मधे ठिपके बघायची गरज नाही. ब्रोनविनबाई निवृत्त झाल्या आणि मला नवे कपडे शिवणारं कुणी राहिलं नाही. नव्या लॅपटॉपवर मी चालत नाही. माझी एक प्रत दिनेश्वर नावाच्या माणसाबरोबर सुवाला आली होती. तिच्यामुळे मी तग धरून आहे.

दिनेश्वर सुवाजवळच्या नौसोरीचा. त्याचे पणजोबा उसाच्या मळ्यात कामाला आले होते. तो मासे मोजणाऱ्या पथकाचा तंत्रज्ञ होता, आणि त्याला बोट लागायची. वीस वर्षं समुद्रावर काम करून त्याच्या पोटाला समुद्राची सवय झाली नाही. त्याने मला त्याच तुटक्या लॅपटॉपवर जपून ठेवलं. "म्हातारा आहे, पण नजर चांगली आहे," असं तो माझ्याबद्दल सांगायचा.

आता त्या दिवसाकडे येतो.

बशीच्या दुसऱ्या बाजूला बसलेली मुलगी तितिलिया. सुवात वाढलेली, शास्त्राची पदवी घेऊन याच संस्थेत पुढे शिकणारी. तिच्या वडिलांचं गाव नावुकाई, फेरीने एका रात्रीच्या अंतरावरच्या बेटावर. तीन वर्षांपूर्वी त्या गावचे म्हातारे रातू, म्हणजे गावचे धनी, वारले. रीतीप्रमाणे गावापुढच्या प्रवाळ-खडकाचा एक भाग बंद केला गेला. खडकावर काठ्या रोवल्या, त्यांना झावळ्या बांधल्या. त्या पाण्यात कुणी गळ टाकायचा नाही, जाळं टाकायचं नाही. याला तिथे तांबू म्हणतात. शंभर रात्रींनी तांबू उठतो आणि तिथल्या माशांवर मोठं जेवण होतं. पण त्या वेळी तितिलियाचा चुलतभाऊ जोलामे उठून म्हणाला की आपण हा तांबू तीन वर्षं ठेवू. मासा कमी झालाय, त्याला जरा श्वास घेऊ द्या. लोकांनी बरीच कुरकुर केली. मनोआ नावाच्या कोळ्याची तीन मुलं सुवाला शाळेत होती, तो सर्वांत जास्त बोलला. शेवटी नव्या रातूंनी निकाल दिला: तीन वर्षं ठेवा. नंतर, ज्या माशासाठी आपली जाळी सर्वांत जास्त पडतात तोच मासा मोजा. बंद पाण्यात तो उघड्या पाण्याच्या दुप्पट असला तर तांबू पुढेही राहील. नसला तर जाळी काढा.

तो मासा म्हणजे उलावी. निळा-हिरवा, चोचीसारख्या दातांचा पोपटमासा. माझ्या यादीत त्याचा क्रमांक सतरा होता.

तीन वर्षं पूर्ण होत आली होती. पुढच्या आठवड्यात सभा होती आणि तिथे उभं राहून उत्तर द्यायचं होतं तितिलियाने.

"दिनेश भैया, झालं. उत्तर आलं," ती म्हणाली होती. तिचा आवाज बारीक झाला होता. "काही फरक नाही. बंद पाणी, उघडं पाणी, दोन्ही सारखंच. तीन वर्षं गावाने उगीच डब्यातला मासा खाल्ला."

"कुणी सांगितलं?"

"नव्या प्रोग्रॅमने."

"ठिपके दाखवले त्याने?"

"आकडा दिला."

"आकडा तर माझी सासूपण देते. ऊठ, म्हाताऱ्याला जागं कर."

असा मी जागा झालो आणि दोनशे अठ्ठ्याऐंशी ठिपके माझ्या पडद्यावर आले. प्रत्येक ठिपका म्हणजे पन्नास मीटरची एक पट्टी; तिच्यावर उलावी जितके जास्त, तितका ठिपका वर. पट्टी खडकावर पसरायची, तिच्यावरून पोहत जायचं आणि दिसतील ते मासे मोजायचे. मोजायचं काम जोलामेचं. पाण्याखाली पेन्सिलने लिहिणं त्याला आवडत नसे. तो पट्टी संपली की वर येई, बोटीची कड धरी आणि माशांची नावं व संख्या ओरडून सांगे. बोटीत बसलेला माणूस लिहून घेई. पहिल्या वर्षी दिनेश्वर लिहून घ्यायचा, मधे मधे समुद्रात उलट्या करत. दुसऱ्या वर्षापासून ते काम तितिलियाकडे आलं.

तिने कुंचला घेतला आणि शून्यावरच्या ठिपक्यांवरून ओढला. तारखांच्या चौकटीत दुसरं आणि तिसरं वर्ष केशरी झालं.

"चोर," दिनेश्वर म्हणाला. "रात्री टॉर्च आणि भाला घेऊन जात असतील. हा मासा रात्री असा झोपतो की हाताने उचलावा."

"सतरा नंबर उघड्या पाण्यातही शून्य आहे, भैया. तिथे चोरी कशाला करावी लागेल? आणि बाकीचे मासे तर तसेच आहेत." ती पडद्याजवळ सरकली. "आणि हे काय? सगळीकडे शून्य, आणि मधेच या तीन फेऱ्या उंच."

"त्या वेळी चोर सुट्टीवर असतील."

ती हसली नाही. तिची नजर चौथ्या चौकटीवर गेली. तीच, जी लोकांना निरुपयोगी वाटे. तिथे दोनच खांब होते, 'दि' आणि 'ति'. 'दि'च्या खांबात नऊ ठिपके केशरी होते. 'ति'चा खांब तळापासून टोकापर्यंत केशरी होता. एकशे छप्पन्नच्या एकशे छप्पन्न.

मित्रांनो, मला चेहरे वाचता येत नाहीत. पण माउसवर ठेवलेला हात किती वेळ हलला नाही ते मला कळतं. तो बराच वेळ हलला नाही.

"मी चुकीचं लिहिलं?" ती म्हणाली. "पण मी ऐकलं तेच लिहिलं. एकही जास्त नाही, एकही कमी नाही."

"त्या तीन उंच फेऱ्या माझ्या आहेत," दिनेश्वर म्हणाला. "तुझ्या परीक्षा होत्या तेव्हा मी गेलो होतो. माझ्यासमोर तर जोलामे वर आला की पहिलं हेच ओरडायचा. उलावी बारा! उलावी नऊ!"

ते नाव ऐकल्याबरोबर तितिलियाने मान खाली घातली. मला तेव्हा एक गोष्ट आठवली. इतक्या महिन्यांत तिने त्या माशाला कधी नावाने हाक मारली नव्हती. ती सतरा म्हणायची. मला वाटे, आकड्यांची मुलगी आहे, म्हणून म्हणत असेल.

"भैया," ती हळूच म्हणाली, "तो आमच्या कुळाचा मासा आहे."

"मग?"

"जोलामे माझा भाऊ आहे. मोठ्या काकांचा मुलगा म्हणजे सख्खाच. भाऊ बहिणीसमोर ते नाव तोंडातून काढत नाही. जीव गेला तरी नाही."

"असं काहीतरी असतं हे मला माहीत आहे गं. पण कामाच्या वेळीही?"

"कामाच्या वेळी आपण दुसरी माणसं होतो का?"

दिनेश्वरने पडद्यावरच्या केशरी खांबाकडे पाहिलं. मग म्हणाला, "आणि तू दोन वर्षांत विचारलं नाहीस?"

"मी कशी विचारणार? मी बहीण आहे ना. मला वाटलं, दिसला नाही म्हणून सांगितला नाही."

"बरं, मग आता विचार. तेव्हा त्या माशांचं त्याने केलं काय?"

"मी त्याच्याशी बोलत नाही."

"भांडण?"

"भांडण कसलं? मान आहे."

दिनेश्वरने तो अर्धा बाबाकाऊ उचलला, तोंडाशी नेला आणि परत ठेवला. "मी येतो गावाला. मी लिहून घेतो. एक दिवस उलट्या करीन, मरणार नाही."

"आणि पुढच्या वर्षी? आणि त्याच्या पुढच्या? दर वेळी तुम्हाला बादलीसकट नेऊ?" तिने माझं झाकण जपून बंद केलं, तुटक्या बिजागरीला धक्का लागू न देता. "हे आमचं आम्हालाच सोडवायला पाहिजे."

अशा तऱ्हेने मी आयुष्यात पहिल्यांदा फेरीने गेलो, तितिलियाच्या चटईत गुंडाळून.

नावुकाईला तिने मला काकांच्या घरात, दाराजवळ चटईवर ठेवलं. माझा पडदा मागे पडू नये म्हणून त्याच्या पाठीशी मॅकरेल माशाच्या डब्यांची चळत लावली. डबे त्या घरात भरपूर होते. तितिलिया दाराच्या आत बसली. बाहेर फणसासारख्या पानांच्या मोठ्या झाडाखाली जोलामे पाठ करून बसला होता आणि तीन वर्षं न वापरलेलं जाळं दुरुस्त करत होता. मधल्या पायरीवर एरोनी बसला. एरोनी बोटीचं इंजिन चालवायचा. तो जोलामेचा मामेभाऊ, दुसऱ्या कुळातला. तिथे अशा दोघांना एकमेकांचे तवाले म्हणतात, आणि तवाल्याने तवाल्याची जन्मभर टिंगल करायची अशी रीतच आहे. एरोनी ती रीत मनापासून पाळायचा.

"एरोनी," तितिलिया म्हणाली, "त्याला विचार, मी बोटीत असते तेव्हा तो सतरा नंबरचं काय करतो."

"सतरा नंबर कोण? बस आहे का?"

तिने माशांच्या चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवलं. एरोनीने चित्र पाहिलं. मग त्याने जोलामेच्या पाठीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे तवाले! तुझा तो—"

"तोंड मिट," जोलामे वळून न बघता म्हणाला.

"मी नाव कुठे घेतलं? मला नुसता आनंद झालाय. आनंदाला बंदी आहे का?"

"एरोनी, विचारतोस का?" तितिलिया म्हणाली.

"विचारतो. तवाले, तुझी बहीण विचारते, तू त्यांचं काय करतोस?"

"सांग तिला, मोजतो."

"तो म्हणतो, मोजतो."

"ऐकलं मी."

"ऐकू येतं तर मी मधे कशाला बसलोय?"

"बस तू!" दोघंही एकदम म्हणाली.

एरोनी बसला.

"विचार, मोजतो तर सांगत का नाही," तितिलिया म्हणाली.

जाळ्याची सुई थांबली. "सांगतो की. दर पट्टीच्या शेवटी सांगतो." जोलामेने डावा हात खांद्यावरून मागे उचलला. पाच बोटं दाखवली, मूठ मिटली, मग तीन बोटं दाखवली. "हे असं. आठ. दोन वर्षं सांगतोय."

एरोनीने पायरीवरून पुढे झुकून ती बोटं पाहिली. मग एरोनी म्हणाला, "ते मला नव्हतं?"

"तुला कशाला?"

"मला वाटलं, जेवायला कसाव्याचे किती तुकडे ठेवू ते सांगतोयस! एकदा चौदा दाखवलेस. मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, जोलामेच्या पोटात काहीतरी झालंय, माणूस जगत नाही."

"म्हणून तुझ्या बायकोने मला कडू पाला उकळून पाठवला?"

"तीन वेळा पाठवला! आणि तू प्यायलास!"

तितिलियाने तोंडावर हात घेतला. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, ते मला कळलं नाही. एरोनीलाही कळलं नसावं.

"मला वाटलं, ती बघते," जोलामे म्हणाला. त्याचा आवाज आता वेगळा होता.

"त्याला सांग, मी कशी बघणार. तो पाण्यातून वर आला की मी मान खाली घालते. आईने तेच शिकवलंय."

म्हणजे असं झालं होतं, मित्रांनो. भाऊ रीतीने वागला, त्याने नाव घेतलं नाही. बहीण रीतीने वागली, तिने नजर वर केली नाही. आणि त्या दोघांच्या मधून दोन वर्षांचे सगळे उलावी निसटून गेले आणि माझ्याकडे शून्य होऊन आले.

"तिला विचार," जोलामे म्हणाला, "परवा सभेत काय होणार. तांबू मीच मागितला होता. लोक अजून मला हे डबे दाखवतात. मनोआने मुलांच्या फीसाठी इंजिन विकलं. माझ्याच बोटांमुळे तांबू उठला, तर मी त्याला तोंड कसं दाखवू?"

"त्याला सांग," तितिलियाने माझा पडदा दाराकडे वळवला, "माझे एकशे छप्पन्न ठिपके मी काढून टाकणार. हे बघ." तिने ते रंगवले आणि कळ दाबली. तळाची रेष जवळजवळ रिकामी झाली. "ते शून्य नव्हतेच. शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हता. इथे तर मला कुणी काही सांगितलंच नाही. ती जागा कोरी आहे."

"मग उरलं काय?" एरोनीने विचारलं.

"या वर्षीची दिनेश भैयाची एक फेरी. बारा पट्ट्या, त्याही फेब्रुवारीच्या. एवढ्यावर रातूंसमोर कशी उभी राहू?"

"उद्या पुन्हा मोजू," जोलामे म्हणाला आणि लगेच थांबला. अडचण अजून जागच्या जागी होती.

"मी मारतो बुडी!" एरोनी म्हणाला. "मला काय बंदी आहे? मी तर घसा फाडून ओरडेन."

"आधी पाण्यात मासा आणि चप्पल ओळखायला शिक." जोलामेने सुई जाळ्यात खोवली. "तिला विचार, ती कोणता नंबर म्हणत होती."

"सतरा," तितिलिया म्हणाली.

"सतरा," जोलामे म्हणाला. जरा थांबून पुन्हा म्हणाला, "सतरा." कुणीही मान खाली घातली नाही.

दुसऱ्या दिवशी भरती चढताना ते निघाले. जाण्याआधी तितिलिया स्वतः मनोआच्या दारात गेली आणि त्याला म्हणाली, "काका, तुम्ही बोटीत बसा. मी लिहीन ते तुम्ही बघा." मनोआने तिला नखशिखान्त पाहिलं. "माझ्याच बाजूने लिहिणार का?" त्याने विचारलं. "येईल ते लिहिणार," ती म्हणाली. तो बोटीत जाऊन बसला.

बोटीवर काय झालं ते मी पाहिलं नाही. एरोनीने ते संध्याकाळी सगळ्या घराला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. जोलामे पहिल्या पट्टीनंतर वर आला, त्याने बोटीची कड धरली आणि कोंबडा आरवावा तसा ओरडला, "सतरा!" आणि पुढे संख्या. तितिलियाने मान खाली ठेवूनच लिहिलं. मान खाली असली तरी कान उघडे होते. बारा पट्ट्या झाल्या. त्याच संध्याकाळी बारा नवे ठिपके माझ्याकडे आले. ते ठेवताना मला काय वाटलं ते सांगायची सोय माझ्या बनावटीत नाही.

मित्रांनो, सभेचं सांगण्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. मी फार दिवस चालेन असं वाटत नाही. या लॅपटॉपची दुसरी बिजागरी करकरते आहे, आणि तो गेला की मला चालवणारं यंत्र सुवात तरी उरणार नाही. त्याचं मला फार दुःख नाही. नवे प्रोग्रॅम माझ्याहून हुशार आहेत आणि तेही कुंचला धरायला शिकतील. पण तुम्ही मोठे व्हाल, कुणी माणसं मोजेल, कुणी पाऊस, कुणी आजार. तेव्हा कळ दाबून आलेलं उत्तर खिशात घालण्याआधी त्याच्यामागचे ठिपके एकदा बघा. तळाशी गप्प बसलेल्या ठिपक्यांना विचारा की ते तिथे कसे आले. लिहून कुणी घेतलं आणि सांगितलं कुणी, हे पुसून टाकू नका. आणि तुमच्या घरात एखादं जुनं, हळू चालणारं, पण नीट बघणारं साधन असेल, तर त्याच्या पाठीशी दोन डबे लावून त्याला उभं ठेवा. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.

सभा गावच्या मोठ्या घरात भरली. चटया अंथरल्या होत्या. मुळं कुटून केलेल्या यांगोना नावाच्या पेयाचं लाकडी भांडं मधे होतं, वाटी फिरत होती, टाळ्या पडत होत्या. रातू वरच्या बाजूला बसले होते. मी खालच्या बाजूला, तितिलियाच्या गुडघ्यापाशी, डब्यांना टेकून होतो.

"बोल, बाळ," रातू म्हणाले.

तितिलियाने आधी तिच्या दोन वर्षांच्या शून्यांबद्दल सांगितलं. ती कशामुळे झाली तेही सांगितलं, नाव न घेता. आधी एक जण हसला, मग मागची रांग हसली, मग बायकांची बाजू. कुणीतरी ओरडलं, "दोन वर्षं आमचं पेट्रोल जाळून तू कोरी पाटी आणलीस?"

"हो," ती म्हणाली.

"आणि कसावा? चौदा तुकडे?" दुसरा ओरडला, आणि जोलामेने कपाळावर हात मारला. रातूंच्या मिशाही हलल्या. पण मग त्यांनी तळहात उचलला आणि घर शांत झालं.

"काल मोजलं?"

"मोजलं. बारा पट्ट्या. सहा बंद पाण्यात, सहा उघड्या पाण्यात."

"बोटीत कोण होतं?"

"मी होतो," मनोआ म्हणाला.

"मग तूच सांग."

मनोआ पुढे सरकून माझ्यासमोर आला. तितिलियाने त्याच्या हातात माउस दिला आणि कुंचला कसा ओढायचा ते दाखवलं. त्याचा हात जाळी ओढणारा होता; पहिल्यांदा कुंचला चौकटीबाहेर गेला. दुसऱ्यांदा सहा ठिपके केशरी झाले. त्याने ते बोटाने मोजले, ओठ हलवत. मग उरलेले सहा मोजले. तो वेगळ्या कुळाचा होता, त्याला त्या माशाचं नाव घ्यायला काही हरकत नव्हती. त्याने एकदा जोलामेकडे पाहिलं, एकदा तितिलियाकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"बंद पाणी, सहा पट्ट्या," तो म्हणाला. "सतरा नंबर, चौसष्ट. उघडं पाणी, सहा पट्ट्या. सतरा नंबर, एकवीस."